छोट्या धंद्याला नेट कोणते घ्यावे?



राइस मिल घालावयाची झाली तर जागा कशी पाहावी, हे झाडीपट्टीतल्या माणसाला सांगावयास नको. पावसाळ्यात ट्रक दारापर्यंत येतो की नाही ते तो पाहतो, विजेचा खांब किती दूर आहे ते पाहतो, शेजारी कोण आहे तेही पाहतो. आता या पाहणीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. ती म्हणजे इंटरनेट, आपल्या रोजच्या बोलण्यातले नेट. मालाचे बिल, जीएसटीचे विवरणपत्र, बँकेतली उलाढाल, मजुरांची मजुरी, नागपूरच्या व्यापाऱ्याची मागणी, सगळे आता याच वाटेने येते आणि जाते. समजा, वडशाच्या एका मिलच्या फाटकात पिशवीबंद तांदळाचा ट्रक भरून उभा आहे. करपात्र माल ठरावीक रकमेच्या वर असला की ई-वे बिल निघाल्यावाचून गाडी हलवता येत नाही. आणि नेमके त्याच वेळी नेट बंद! ड्रायव्हर घड्याळ पाहतो आहे, हमालांनी विडी पेटवली आहे, आणि मालक राऊटरवरचा लाल दिवा पाहत बसला आहे.

अशा लहान धंद्यासाठी, म्हणजे पाच-दहा माणसांची कंपनी, मिल, वर्कशॉप, वाहतुकीचे ऑफिस किंवा ग्रामसभेची कचेरी यांच्यासाठी, नेटचे कनेक्शन कसे निवडावे, याविषयी आज बोलावयाचे आहे. शिक्षक बंधुभगिनींनीही ऐकावे, कारण गावात असा प्रश्न निघाला की लोक शेवटी गुरुजींकडेच येतात.

कनेक्शन विकणारा माणूस आला की आपण पहिला प्रश्न विचारतो, "स्पीड किती?" तोही खुशीने सांगतो, "शंभर एमबीपीएस, दोनशे एमबीपीएस." माझे म्हणणे असे की हा प्रश्न चौथ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न हा, की तुमची वायर कोणत्या वाटेने येते? दुसरा, ती तुटली तर जोडावयास कोण येणार, आणि तो राहतो कोठे? तिसरा, जोडावयास किती तास लागतील आणि ते तुम्ही कागदावर लिहून द्याल काय? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावर मग स्पीडची गोष्ट करावी.

स्पीडची गोष्ट आधी उरकून टाकतो, कारण ती सोपी आहे. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. फाइलचे वजन मात्र मेगाबाइटमध्ये सांगतात, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणून शंभर एमबीपीएसच्या कनेक्शनवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट माल येणार. ई-वे बिलाला किंवा विवरणपत्राला एक-दोन एमबीपीएस पुरतात. समोरासमोर चित्र दिसणाऱ्या बोलण्याला दोन-तीन लागतात. पाच संगणकांच्या ऑफिसला तीस ते पन्नास एमबीपीएस म्हणजे पोटभर झाले. खरा खादाड असतो तो कॅमेरा. गोदामात चार कॅमेरे लावले आणि त्यांचे चित्रण चोवीस तास बाहेरच्या सर्व्हरवर पाठवावयाचे ठरवले, तर प्रत्येकी दोन धरून आठ एमबीपीएस सतत वर जात राहणार. म्हणजे सेकंदाला एक मेगाबाइट, दिवसाला सुमारे ८६ जीबी, आणि महिन्याला २,६०० जीबीच्या घरात. 'अमर्याद' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ योजनांना ३,३०० जीबीची मर्यादा बारीक अक्षरात लिहिलेली असते. ती ओलांडली की स्पीड बैलगाडीवर येते. तेव्हा कॅमेऱ्याचे चित्रण ऑफिसातल्याच पेटीत साठवावे आणि लागेल तेव्हाच बाहेरून पाहावे. आणि हो, खाली येण्याची स्पीड व वर जाण्याची स्पीड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रेता मोठा आकडा सांगतो तो बहुधा खाली येण्याचा. धंद्याला मात्र वर पाठवावयाचेही तितकेच असते. दोन्ही आकडे मागून घ्यावेत.

आता कनेक्शनच्या जाती पाहू.

पहिली जात फायबरची. केसासारखी बारीक काच, आणि तिच्यातून प्रकाश धावतो. जेथे फायबर येत असेल तेथे दुसरे काही शोधू नये, असे मी म्हणेन. पण साधे फायबर आणि लीज्ड लाइन यांत फरक आहे. आपल्या जुन्या मालगुजारी तलावाचा पाट डोळ्यांपुढे आणा. तलाव तुडुंब आहे, पाटही मोठा आहे, परंतु त्या एका पाटावर बत्तीस बांध्या भिजावयाच्या आहेत. साध्या फायबरचे तसेच असते. एक्स्चेंजहून निघालेल्या एका काचेत सेकंदाला अडीच हजार मेगाबिटच्या आसपास माल वाहतो आणि तो बत्तीस, कधी चौसष्ट घरांत वाटला जातो. सकाळी अकराला सर्व काही झकास असते, आणि रात्री आठला सगळे गाव सिनेमा पाहावयास बसले की पाणी आटते. लीज्ड लाइन म्हणजे तुमच्या एकट्याच्या बांधीला आणलेला वेगळा पाट. वर-खाली सारखीच स्पीड, वाटेकरी कोणी नाही, आणि किती वेळ चालू राहील याचा लेखी करार. अर्थात तिचा दर साध्या फायबरच्या कितीतरी पट असतो. लहान धंद्याला ती बहुधा परवडत नाही, आणि स्पष्ट सांगावयाचे तर बहुधा तिची गरजही नसते. ज्याचा धंदाच नेटवर उभा आहे, त्याने मात्र तिची चौकशी अवश्य करावी.

दुसरी जात बिनतारी. छपरावर एक लहान पेटी बसवतात, ती टॉवरकडे तोंड करून असते, आणि तिच्यातून खाली ऑफिसात वायर येते. गडचिरोली किंवा चंद्रपूरसारख्या शहरात हे ठीक चालते. पण आपला मुलुख जंगलाचा. गडचिरोली जिल्ह्याची दोन-तृतीयांशाहून अधिक जमीन झाडांखाली आहे. पानात पाणी असते, आणि या लहरी पाण्यात जिरतात. लहर जितकी बारीक, तितकी ती पानांत अधिक मुरते. सातशे मेगाहर्ट्झची लहर झाडांतूनही बऱ्यापैकी वाट काढते. साडेतीन हजारांच्या आसपासची ५जीची लहर तेथे लवकर दमते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. आमचा सागवान उन्हाळ्यात पाने टाकतो. मे महिन्यात कंपनीचा माणूस आलापल्लीच्या बाजूला येतो, उघड्या फांद्यांतून टॉवर लख्ख दिसतो, मोबाइलवर रेंज भरून येते, सौदा होतो. जुलैत त्याच सागाला सुपाएवढी पाने फुटतात, वरून ती भिजलेली असतात, आणि तुमची पेटी मुकी होते. लोक म्हणतात कंपनीने फसवले. वास्तविक फसवले ते ऋतूने. म्हणून बिनतारी कनेक्शनची परीक्षा भर पावसाळ्यात घ्यावी. ते जमत नसेल तर निदान पेटी झाडांच्या शेंड्यांच्या वर जाईल असा खांब उभारावयाची तयारी ठेवावी.

टॉवर वाढत आहेत, हे खरे. २०२२ साली केंद्र सरकारने नक्षलग्रस्त भागांतले २,३४३ टॉवर २जीवरून ४जीवर नेण्यास मंजुरी दिली, आणि त्याच वर्षी देशातल्या २४,६८० गावांत ४जी पोहोचविण्याची योजना हाती घेतली. दहा वर्षांपूर्वी जेथे एका टेकडीवर चढून फोन लावावा लागे, तेथे आज खिशात रेंज येते अशी गावे आहेत. पण टॉवर दिसतो म्हणजे नेट येईलच असे नाही. टॉवरलाही मागून रसद लागते. त्याच्या पायथ्याशी फायबर आलेले आहे, की तो स्वतःच दुसऱ्या टॉवरकडून उसने घेतो आहे, हे विचारावे.

तिसरी जात उपग्रहाची. बँकेच्या खेड्यातल्या शाखांच्या छपरावर मोठी थाळी दिसते, ती याच कामाची. तो उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. तुमचा प्रश्न तेथे जाऊन खाली येणार, उत्तरही तसेच जाऊन येणार, म्हणजे सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटरचा प्रवास. प्रकाशाच्या वेगानेही अर्धा सेकंद मोडतो. पत्रव्यवहाराला, बिलाला चालते. बोलताना मात्र दोघेही एकमेकांचे शब्द तोडत राहतात. नव्या तऱ्हेचे उपग्रह साधारण साडेपाचशे किलोमीटरवरून फिरतात, त्यामुळे ही अडचण जवळजवळ नाहीशी होते. २०२५ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने स्टारलिंक कंपनीशी असे नेट दुर्गम भागांत आणण्यासाठी इरादापत्र केले, आणि त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम व धाराशिव या जिल्ह्यांची नावे घेतली गेली. ही बातमी चांगलीच आहे. परंतु इरादापत्रावर ई-वे बिल निघत नाही. तुमच्या गावी कनेक्शन बसवून देणारा आणि पावती फाडणारा माणूस प्रत्यक्ष भेटेल, त्या दिवशी तिचा दर आणि अटी पाहाव्यात. आणि थाळीला उघडे आभाळ लागते, हेही तेव्हा विसरू नये. मोहाच्या झाडाखाली ती चालणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, तो म्हणजे वायरच्या वाटेकडे.

फायबर तुटते कशाने? विजेने नव्हे, काचेतून वीज वाहत नाही. ते तुटते जेसीबीने. रस्ता रुंद होतो आहे, नाली खणली जाते आहे, पुलाचे काम चालू आहे, आणि जमिनीखालची केबल दातात येते. खांबावरून नेलेली असेल तर वाऱ्याने फांदी पडते, किंवा माकडे तिचा झोका करतात. जमिनीखालची बरी की खांबावरची, असे कोणी विचारले तर उत्तर सरळ नाही. जमिनीखालची क्वचित तुटते, पण तुटलेली जागा शोधण्यातच दिवस जातो. खांबावरची अनेकदा तुटते, पण लाइनमनला ती सायकलवरूनही दिसते. आणि पूर आला तर दोन्हींची सारखीच गत. २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडला पुनःपुन्हा वेढले. अशा वेळी वायर जोडणारा माणूस आलापल्लीच्या बाजूला, तुटलेली जागा पलीकडे, आणि मध्ये नदी. तो कितीही कामसू असला तरी काय करणार?

यावर एकच उपाय आहे, दुसरी वाट. भारतनेटचे उदाहरण घ्या. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची ही योजना २०११ साली मंजूर झाली, तेव्हा तिला राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे म्हणत. तिच्यात बहुतेक ठिकाणी केबल एका रेषेत टाकली गेली. तालुक्याहून निघाली, एका गावी गेली, तेथून पुढच्या गावी. मध्ये एके ठिकाणी तुटली की पुढची सारी गावे अंधारात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुधारित योजना मंजूर झाली, तिच्यात रेषेऐवजी वर्तुळ धरले आहे. वर्तुळात एके ठिकाणी तुटले तर माल उलट्या बाजूने फिरून येतो. सरकारला जे हजारो कोटी खर्चून शिकावे लागले, ते आपल्याला आपल्या ऑफिसपुरते थोडक्यात करता येते. दोन कनेक्शने घ्यावीत. एक फायबरचे, एक सिमचे. राऊटर असा घ्यावा की पहिले गेले तर दुसरे आपोआप चालू होईल.

पण येथेच पुष्कळजण गफलत करतात. दोन कंपन्यांची कनेक्शने घेतात आणि निर्धास्त होतात. एका कंपनीचे फायबर ज्या खांबांवरून येते, दुसरीचे पुष्कळदा त्याच खांबांवरून येते. किंवा सिमच्या टॉवरला रसद पुरवणारी केबल रस्त्याच्या त्याच कडेला पुरलेली असते. जेसीबीचा एक घाव आणि दोन्ही दिवे लाल. दोन बिले भरली, वाट एकच. म्हणून दोन कंपन्या हव्यात असे न म्हणता दोन वाटा हव्यात असे म्हणा. हे समजावयास विक्रेत्याचा उपयोग नाही, त्याला बहुधा ठाऊकच नसते. लाइनमनला चहा पाजा आणि विचारा, "भाऊ, ही वायर कोठून येते? मागल्या श्रावणात कितीदा तुटली?" तोच प्रश्न पोस्टमास्तरांना, बँकेच्या शाखेत, दवाखान्यात आणि शाळेत विचारा. जाहिरातीत नसलेली माहिती या चार दारांत मिळते.

दुसरे कनेक्शन घ्यावे की नाही, याचा हिशेब पाटीवर करावा. एक दिवस नेट बंद राहिले तर तुमचे किती बुडते? समजा दीड हजार. वर्षातून असे बारा दिवस धरले तर अठरा हजार. महिना पाचशेचे दुसरे कनेक्शन वर्षाला सहा हजारांत पडते. घ्यावे, विचार करू नये. पण एका दिवसाचे तुमचे दोनशेच बुडत असतील तर वर्षाला चोवीसशे. तेथे दुसरे कनेक्शन हा शौक झाला. मालकाच्या मोबाइलमध्ये वेगळ्या कंपनीचे सिम ठेवले की भागते, कारण ई-वे बिल मोबाइलवरूनही निघते.

कराराच्या कागदावर टक्के लिहिलेले असतात. गुरुजींनी हे गणित वर्गात द्यावे. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास. 'नव्याण्णव टक्के चालू' म्हणजे महिन्याला सात तास बारा मिनिटे बंद राहण्याची मुभा. साडेनव्याण्णव म्हणजे तीन तास छत्तीस मिनिटे. नव्याण्णव पूर्णांक नऊ दशांश म्हणजे फक्त त्रेचाळीस मिनिटे. परीक्षेत नव्याण्णव टक्के पडले तर पेढे वाटतात. येथे मात्र तेवढ्यात ट्रकची दुपार जाते. आणि हे टक्के न पाळल्यास कंपनी काय देणार, हे लिहिलेले नसेल तर तो आकडा केवळ शोभेचा समजावा. साध्या फायबरच्या योजनेत असे टक्के बहुधा नसतातच. मग निदान तक्रार कोणत्या नंबरवर, तिचा क्रमांक मिळतो काय, आणि तालुक्याच्या ठिकाणी जोडणीचे यंत्र व माणूस आहे काय, एवढे पाहावे. जोडणीचे यंत्र नागपूरहून येणार असेल, तर आरमोरी काय आणि अहेरी काय, दोन दिवस गेलेच म्हणा.

धंद्याचा हंगाम आणि नेटचा हंगाम यांचा मेळही घातला पाहिजे. मिलचा जोर धान निघाल्यावर, दिवाळीनंतर. तिची कसोटी पावसाळ्यात लागत नाही, म्हणून तिला एक साधे फायबर पुष्कळदा पुरते. ग्रामसभांचे निराळे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली तिने आपला बांबू आपल्या वाहतूक पासावर विकला. पुढे अनेक ग्रामसभा तेंदूपत्ताही स्वतः विकू लागल्या. तेंदूची तोडणी मे महिन्यात अवघे दोन-तीन आठवडे चालते. त्या अवधीत पुड्यांची मोजणी, मजुरांच्या खात्यांचे हिशेब, ठेकेदाराशी पत्रव्यवहार, सगळे एकदम येते. त्या कचेरीला बारा महिने महागडे कनेक्शन कशाला? बाकी वर्ष साधे सिम, आणि एप्रिलच्या मध्यापासून दोन महिने भक्कम सोय, हे तिला शोभेल. मात्र ते एप्रिलच्या सुरुवातीलाच लावून चालवून पाहावे. तोडणी सुरू झाल्यावर अर्ज करील त्याचे कनेक्शन तोडणी संपल्यावर येईल! याच कारणासाठी नव्या कंपनीला वर्षाचे पैसे एकदम देऊ नयेत. सवलत थोडी बुडली तरी चालेल. एक पावसाळा महिन्याच्या हिशेबाने काढावा आणि मग वर्षाचे भरावे.

बिलाविषयी थोडेसे. कनेक्शन मालकाच्या नावावर न घेता कंपनीच्या नावावर घ्यावे आणि बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. नेटवर अठरा टक्के कर बसतो, आणि जी कंपनी नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरते तिला तो आपल्या करातून वजा मिळू शकतो. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना मात्र तो मिळत नाही. विक्रेता 'स्टॅटिक आयपी' घ्या म्हणून मागे लागेल. म्हणजे नेटवर तुमच्या ऑफिसचा कायमचा पत्ता. बाहेरगावाहून ऑफिसातल्या संगणकात शिरून काम करावयाचे असेल तर तो लागतो. नुसती बिले फाडणाऱ्याला लागत नाही. त्याचे पैसे वाचवावेत.

शेवटी बसवण्याचे. फायबर स्वतः विजेवर चालत नाही, पण त्याच्या टोकाची पेटी आणि राऊटर चालतात. लाइन गेली की नेटही गेले, आणि लोक कंपनीला शिव्या देतात. दोन्ही पेट्या मिळून बारा-पंधरा वॅट खातात. बारा व्होल्टची सात अँपिअर-तासाची लहान बॅटरी त्यांना चार-पाच तास सहज ओढते. सगळ्या ऑफिसला इन्व्हर्टर नसला तरी एवढे करावेच. आमच्याकडे वळवाच्या पावसात विजा फार. फायबरमधून वीज येत नाही, पण पेटीच्या विजेच्या वायरमधून येते, आणि छपरावरच्या बिनतारी पेटीतून खाली येणाऱ्या तांब्याच्या वायरमधून तर हमखास येते. अर्थिंग पक्के करावे, त्यात दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पाणी-मीठ घालून तपासावे, आणि ढग गडगडू लागले की छपरावरच्या पेटीची वायर काढून ठेवावी. राऊटर लोखंडी कपाटात किंवा पोत्यांच्या थप्पीमागे ठेवू नये. ज्या टेबलावर काम होते तेथून तो दिसला पाहिजे. भिंतीवर त्याच्या शेजारीच खडूने किंवा रंगाने तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. कनेक्शनचा ग्राहक क्रमांक, तक्रारीचा नंबर, आणि लाइनमनचा मोबाइल. मालक बाहेरगावी असला तरी हमालालाही मग फोन लावता येईल.